पेटीच्या तळाचा बर्फ

४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. खरोखरचा साष्टांग, कारण पलंगावर आडवी पडूनच लिहिते आहे. दुपारी कामावर जायच्या आधी पाय उशीवर ठेवून जरा वेळ पडायचं, असं हल्ली चाललंय. मी फोन करत नाही म्हणून तू रागावली आहेस असं आईने कळवलं. पण तूच म्हणतेस ना, की फोनवर ही पोरगी 'बरंय, जेवले, ठेवते' यापलीकडे बोलत नाही. म्हणून हे पत्र.

आता बातमी ऐक. आमच्या हॉटेलच्या बारमध्ये काउंटरमागे आम्ही तिघं असतो. सगळ्यात जुने ते आजोबा. ते कोणाचेच आजोबा नाहीत, लग्नसुद्धा केलेलं नाही, पण काउंटरमागेच केस पिकले म्हणून आजोबा. दुसरा मिशा. तो बाटली हवेत उडवून पाठीमागे झेलतो आणि झेलली की मिशीवरून बोट फिरवतो. तिसरी मी. तर आजोबा नवीन वर्षात निवृत्त होणार, आणि बारचा मुख्य म्हणून त्यांच्या जागी मिशा किंवा मी, दोघांपैकी एक येणार. साहेब, म्हणजे आमचे मॅनेजर, परवा सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याइतकी चपळ मुलगी मी पाहिली नाही."

मावशी, मला ती जागा हवी आहे. अगदी मनापासून हवी आहे. बारमध्ये कोणती पेयं असावीत हे मुख्य ठरवतो, आणि माझ्या डोक्यात इतकी नवीन पेयं साचली आहेत की कधीकधी झोपेत चव येते.

म्हणून सध्या पडेल ते काम करते. साहेब म्हणतात मी चपळ आहे, म्हणून बाटल्यांचे क्रेट तळघरातून मीच आणते. आजोबा म्हणतात माझा हात हलका आहे, म्हणून ग्लास मी धुते. मिशा म्हणतो मी व्यवस्थित आहे, म्हणून लिंबं मी चिरते. एकूण कौतुकाला तोटा नाही.

आणि हो, केस कापले. मानेपर्यंत. ओरडू नकोस, छान दिसतात आणि कामात सोयीचं पडतं. आईला तू सांग, माझी हिंमत होत नाही.

तुझी ठकू


११ ऑक्टोबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद, त्यातले निम्मे केस लवकर वाढण्यासाठी.

ताईला सांगितलं. तिने सोलायला घेतलेले वाटाणे बाजूला ठेवले, चष्मा काढला आणि माझ्याकडे अशी बघत राहिली जशी काही कात्री मीच चालवली. "कमरेपर्यंत वेणी होती," एवढंच म्हणाली. मग संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला. तुझ्या केसांपायी माझा चहा बुडाला हे लक्षात ठेव.

आता खरं सांग, कोण आहे तो? इतक्या वर्षांची वेणी कोणी 'सोयीसाठी' कापत नाही. मिशा असेल तर आधीच सांगते, बाटल्या उडवणारा नवरा घरात कपबशी शिल्लक ठेवणार नाही.

तुझं पत्र शिलाई मशीनवर ठेवून दोनदा वाचलं. एक गोष्ट खटकली. तुझ्या त्या हॉटेलात जो तुझं कौतुक करतो तो मागोमाग तुझ्या हातात काहीतरी जड देतो. साहेबांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की खाली क्रेट तयारच. मी शिवणकाम करून जन्म काढला. "तुमच्यासारखा हात कोणाचा नाही" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कपडे नेहमी उद्याच हवे असतात.

थंडी येते आहे. तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे, निळा-करडा, तुला आवडतो तसा डोक्यावरून घालायचा. खांद्याचं माप मागच्या वर्षीचंच धरू ना?

तुझी मावशी


२० ऑक्टोबर

प्रिय मावशी,

कोणी नाही गं. मिशाचं म्हणशील तर त्याचं प्रेम फक्त त्याच्या मिशीवर आहे आणि तिथे माझ्यासाठी जागा नाही.

स्वेटरचा रंग ऐकूनच ऊब आली. फक्त एक कर. या वेळी समोरून उघडणारा, बटणांचा विण. डोक्यावरून घालायचा नको. हल्ली तशीच फॅशन आहे.

आणि काम इतकं काही वाईट नाही. उगाच काळजी करू नकोस. नाकी नऊ येतात ते फक्त बर्फाने. बर्फाचं यंत्र तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी. बार पहिल्या मजल्यावर. लिफ्ट पाहुण्यांसाठी राखीव. बादल्या घेतलेलं माणूस पाहुण्यांच्या नजरेला पडता कामा नये असं साहेबांचं फर्मान आहे. मग मागचा लोखंडी जिना, तोही अरुंद, आणि दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. वर येऊन त्या छातीइतक्या उंच धरून काउंटरमागच्या पेटीत ओतायच्या. काउंटर बांधला आजोबांच्या उंचीचा, आणि माझी उंची तुला माहीत आहे.

पण यात अन्याय कोणावरच नाही. साहेबांचा नियमच आहे, पेटी ज्याच्या हाती रिकामी होईल त्यानेच ती भरायची. मग तो कोणीही असो. माझं नशीबच तेवढं खोटं. पेटी नेमकी माझ्याच हाती संपते. मिशा तर म्हणतो, "तुझ्या हाताला बर्फ टिकत नाही." सगळे हसतात, मीही हसते.

आईला सांग, केस वाढतील.

तुझी ठकू


२७ ऑक्टोबर

ठकू,

आज आशीर्वाद शेवटी देईन, आधी कान पिळते.

मी आयुष्यभर लोकांची मापं घेतली आहेत. 'डोक्यावरून घालायचं नको, समोरून बटणं लावा' असं मला दोनच प्रकारची माणसं सांगतात. एक म्हातारी, आणि दुसरी ज्यांचा हात वर जात नाही ती. तू म्हातारी नाहीस. विणकामाच्या सुया खाली ठेवल्या आणि तुझी वेणी आठवली. वेणी घालायला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आणि मी बसले होते जावई शोधत.

कोणता खांदा? उजवाच असणार. किती दिवसांपासून? मला फॅशन सांगू नकोस. ताईला यातलं काही बोलले नाही, हे ती चहा करायला आत गेली आहे तेवढ्यात लिहिते आहे.

आता तुझ्या नशिबाबद्दल. आम्ही दोघी बहिणी लहान होतो तेव्हा घरात पाण्याचा एक मोठा जग होता. तो जो संपवेल त्याने भरून आणायचा, आणि नळ अंगणाच्या पार टोकाला. तुझ्या आईच्या हाती तो जग कधी म्हणजे कधी संपला नाही. तळाशी घोटभर पाणी ठेवून ती साळसूदपणे झोपायला जायची. मग तो घोट मी प्यायचे आणि थंडीत कुडकुडत नळावर जायचे. मीही कितीतरी दिवस आपलं नशीबच समजत होते. (ताई परत आली, तिला जगाचं एवढंच वाचून दाखवलं, तर म्हणाली की तसं काही नव्हतं, तिला मुळात तहानच कमी लागायची.)

तेव्हा आज कामावर गेलीस की मिशाच्या मिशीकडे बघू नकोस. त्याने बर्फ काढायचा स्कूप खाली ठेवला की पेटीच्या तळाकडे बघ.

आशीर्वाद.

मावशी


९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

उजवा. उन्हाळ्यापासून.

आधी नुसता जड वाटायचा. मग त्या कुशीवर झोपता येईना. आता वरच्या फळीवरची बाटली काढायची तर डावा हात पुढे करते, आणि कोणी पाहिलं तर डावखुरी झाल्याचं सोंग करते. तुझ्यापासून लपवलं कारण तू आईला सांगशील, आई साहेबांना फोन करेल, आणि मग झालंच. 'दुखतं' हा शब्द माझ्या तोंडून निघाला की जागा मिशाला गेली. बारचा मुख्य खांदा धरून बसलेला कोणाला हवा असतो?

आणि तुझं खरं निघालं. मी पाहिलं. मिशा बर्फ घेत घेत पेटी तळाला आणतो आणि बरोबर मूठभर ठेवून, स्कूप झटकून बाजूला होतो. पुढचं पेय माझं. मूठभर बर्फ माझ्या ग्लासात, पेटी रिकामी, बादल्या माझ्या. एकदा नाही, दर वेळी. वाईट याचं वाटलं की आजोबाही तेच करतात, फक्त जास्त सफाईने.

मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "कळलं एकदाचं. अगं, आम्हीही असेच शिकलो. नवं माणूस आलं की सुटका." त्यांना वाटलं मी हसेन. मला आधी रडू आलं, मग राग आला, आणि मग इतकी भूक लागली की कोठीत जाऊन उभ्या उभ्या तीन सँडविच खाल्ले.

साहेबांना सांगू का? ते म्हणतील, नियम सगळ्यांना सारखा आहे. आणि आहेच ना. तीच तर पंचाईत आहे.

ठकू


१५ नोव्हेंबर

चि. ठकूस आशीर्वाद आणि भूक लागल्याबद्दल शाबासकी.

भांडू नकोस. तक्रारही करू नकोस. नियम सारखा आहे ना? मग तूही तो पाळ, त्यांच्यासारखाच. त्यांनी मूठभर ठेवला तर तू त्यातले दोन-चार खडे घे आणि बाकीचे ठेव. त्यांनी तेही घेतले आणि शेवटचा एक खडा उरला, तर त्याच्याकडे पाठ फिरव आणि लिंबं चीर. बिनबर्फाची पेयं तुला करता येतात की नाही? गिऱ्हाइकांना तीच सुचव. एवढी डोक्यात साचली आहेत म्हणतेस, त्यांना जरा हवा लागू दे.

मी त्या पाण्याच्या जगाच्या बाबतीत हेच केलं होतं. पुढे काय झालं ते आत्ता सांगत नाही. आधी तू करून बघ.

मात्र खांद्याचा प्रश्न बर्फाने सुटणार नाही. डॉक्टरकडे जा. बटणं लावायला घेतली आहेत, पण ती मी शिव्या देत लावते आहे.

तुझी मावशी


३० नोव्हेंबर

प्रिय मावशी,

हे पत्र बसून लिहिते आहे, कारण हसू येतंय आणि आडवं पडून हसलं की खांदा दुखतो.

तू सांगितलंस तसं केलं. पहिल्या दिवशी मिशाने मूठभर बर्फ ठेवला, मी त्यातला अर्धा घेतला. तो बघतच राहिला. त्याने दोन खडे घेतले. आजोबांनी एक घेतला. मग आम्ही तिघंही पेटीभोवती असे वावरायला लागलो, जसं काही तिच्यात झोपलेलं मांजर आहे. मिशा बाटल्या उडवायचा विसरला. आजोबा गिऱ्हाइकांना समजावायला लागले की जुन्या काळी जाणकार लोक बर्फ घालतच नसत. मी आल्याचं गरम पेय करायला घेतलं, आणि ते इतकं खपलं की दुसऱ्या दिवशी लोक नाव घेऊन मागायला आले. त्याला नावच नव्हतं, तर 'ते गरम' म्हणून मागायला लागले. शेवटी कोणीतरी नाइलाजाने हरायचं आणि खाली जायचं. पण आता प्रत्येक वेळी मीच हरत नव्हते.

मग शुक्रवार आला. संध्याकाळी हॉटेलचे मालक पाहुण्यांना घेऊन बारमध्ये आले. मालक आले की पहिलं पेय साहेब स्वतः करतात, तो त्यांचा मान आहे. साहेब काउंटरमागे आले, कोटाच्या बाह्या ओढल्या, ग्लास घेतला आणि पेटीचं झाकण उघडलं. तळाशी एक खडा. एकच. साहेबांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही तिघं तिकडे ग्लास पुसत होतो. साहेबांनी चिमट्याने तो खडा उचलला आणि मालकांच्या ग्लासात टाकला.

मावशी, मिशा तोच ग्लास पुन्हा पुसत होता. आजोबा छताकडे बघत होते. माझी पाचावर धारण बसली होती. मनात म्हटलं, आज बोलले नाही तर जन्मभर बादल्या वाहीन. आणि बोलले. "साहेब, पेटी तुमच्या हाती संपली."

साहेब म्हणाले, "मग?"

मालकांनी विचारलं, "मग काय?"

मी नियम सांगितला. मालक म्हणाले, "नियम चांगला आहे. कोणी केला?"

"साहेबांनीच," आजोबा म्हणाले. छताकडे बघतच.

मालक इतके हसले की पाहुणेही हसायला लागले. मग साहेबांना काय इलाज? बादल्या घेतल्या आणि गेले. लिफ्टकडे वळले होते, तर मिशा नम्रपणे म्हणाला, "साहेब, पाहुणे बसलेत." ते मागच्या जिन्याने गेले. बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा टाय खांद्यावर, एक बूट भिजलेला, आणि चेहरा चुन्यासारखा पांढरा. बादली पेटीवर उचलताना "आई गं" म्हणाले. मग पालथ्या क्रेटवर बसले आणि हळूच मला विचारलं, "हे दिवसातून कितीदा?"

मी म्हटलं, "पेटी संपेल तितक्यांदा."

तुझ्या त्या जगाचं काय झालं ते आता तरी सांग.

तुझी ठकू


६ डिसेंबर

चि. ठकूस पोटभर आशीर्वाद.

शेवटचा घोट आमच्या बाबांनी प्यायला. दोघी मुली दिवसभर तहानलेल्या, जगात घोटभर पाणी, आणि बाबा बाहेरून आले ते सरळ जग तोंडाला लावूनच. मग आईने त्यांनाच नळावर पाठवलं. चिखलात पाय घसरून ते बसकण मारून पडले. आणि जो नळ घरात घेणं अनेक वर्षं 'अशक्य' होतं तो पुढच्याच आठवड्यात स्वयंपाकघरात आला. म्हणून तुला सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं असतं तर तू साहेबांची वाट बघत बसली असतीस आणि तोंड उघडलं नसतंस. तोंड उघडलंस, त्याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

पण पोरी, पत्रात डॉक्टरचं नावसुद्धा नाही. साहेबांना बर्फाचं सांगितलंस, खांद्याचं नाही. जागेसाठी खांदा देऊन बसलीस तर त्या जागेवर उभी कशी राहशील? मुख्य झालीस तरी ग्लास हातानेच भरायचा आहे. जाऊन दाखव, आणि डॉक्टर जे सांगतील ते साहेबांना तोंडावर सांग. जागा गेली तर गेली. दुसरे बार आहेत, दुसरा उजवा हात नाही.

स्वेटर पार्सलने पाठवला आहे. बटणं मोठी लावली आहेत, एका हाताने लागतील.

तुझी मावशी

ठकू, मी आई लिहिते आहे. मावशीला आलेली तुझी सगळी पत्रं मी पहिल्यापासून वाचते, ती उशीखाली ठेवते. मला तहान खरोखरच कमी लागायची. केसांचं मनावर घेऊ नकोस, केस परत येतात. खांदा दाखव. तू कळवलं नाहीस तर मी स्वतः येईन आणि तुझ्या त्या काउंटरसमोर बसून राहीन.


११ जानेवारी

प्रिय मावशी आणि (वाचतेच आहेस तर) प्रिय आई,

इतके दिवस पत्र नाही म्हणून तुम्ही दोघींनी काय काय कल्पना केल्या असतील ते मला माहीत आहे. पत्र नव्हतं कारण उजव्या हाताने लिहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खांद्याच्या आत सूज होती. "आणखी थोडे दिवस असंच रेटलं असतंत तर हात वर न्यायचं विसरा," असं त्या म्हणाल्या. दोन आठवडे पूर्ण विश्रांती, पुढे भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम, आणि वजन उचलणं बंद.

हे सांगायला साहेबांच्या खोलीत गेले. आत साहेब मानेला गरम पाण्याची पिशवी बांधून बसले होते. त्या शुक्रवारपासून मान वळत नव्हती. मी सगळं सांगितलं, उन्हाळ्यापासूनचं. जागेचंही विचारलं, जायची असेल तर आत्ताच सांगा म्हटलं. साहेबांनी मानेवरची पिशवी सरळ केली. मग म्हणाले, "मी एकदा उचललं तर हे असं झालं. तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तुम्ही चपळ म्हणालात, मग सांगायची लाज वाटली." ते इतकंच म्हणाले, "जा, बरी होऊन ये."

मी नव्हते त्या दोन आठवड्यांत बादल्या मिशाच्या वाट्याला आल्या. परत आले तर बर्फाचं यंत्र वर, बारच्या शेजारच्या कोठीत आलेलं. पाठ दुखते म्हणून मिशाने साहेबांच्या खोलीसमोर जमिनीवर झोपून दाखवलं म्हणे. मला आनंद झाला आणि रागही आला. मी एवढे दिवस वाहत होते तेव्हा यंत्र जागचं हललं नाही. त्याचं आठवडाभर दुखलं तर हललं. हे मी त्याला बोलूनही दाखवलं. त्याने मिशीवरून बोट फिरवलं नाही. "चुकलंच," म्हणाला, आणि माझ्या वाटणीची लिंबं चिरायला लागला.

आजोबा एक तारखेला निवृत्त झाले. जाताना बारची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, डाव्या. साहेबांनी नाव माझंच घेतलं. म्हणाले की मालकांसमोर जिला नियम सांगता येतो तिला बार सांभाळता येईल. 'ते गरम' यादीत सगळ्यात वर आहे, अजून बिननावाचंच.

पेटीचा जुना नियम मी पहिल्याच दिवशी काढून टाकला. आता पाळी आहे. मिशाची, नवीन आलेल्या मुलीची आणि, डॉक्टरांनी हो म्हटलं की, माझीही. पेटी कितीही भरलेली असो, पाळी आली की बादली. काल मिशा कुरकुरत होता की नेमकी गर्दीच्या वेळी त्याचीच पाळी येते. मी म्हटलं, नशीब.

मावशी, तुझा स्वेटर रोज घालते. बटणं एका हाताने लागतात, तू म्हणालीस तशीच. पण आज सकाळी आरशासमोर उभी राहिले, दोन्ही हात हळूहळू डोक्यामागे नेले आणि केसांना रबर बांधलं. शेंडी झाली जेमतेम बोटाएवढी, दोन बटा बाहेरच राहिल्या. तरी मी कितीतरी वेळ हात तसेच वर ठेवून उभी होते.

पुढचा स्वेटर डोक्यावरून घालायचा विण.

तुमची ठकू